गिरणीच्या कापडावर 'अबकारी' कशी?

फलकवाला
मंडळी, एका शब्दावर गाडं अडलंय. गिरण्यांवरच्या एका छोट्या प्रदर्शनाचे फलक इंग्रजीतून मराठीत आणायचं काम घेतलंय. त्यात १८९६ साली हिंदी गिरण्यांच्या कापडावर बसवलेल्या कराला 'काउंटरव्हेलिंग एक्साइज' म्हटलंय. मी 'प्रतिकारी अबकारी कर' असं लिहून मोकळा झालो. काल मसुदा वाचायला एक काका बसले होते, उभी हयात गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात गेलेली. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "अबकारी? गिरणीत कापड विणत होते की हातभट्टी लावत होते?"
मग 'उत्पादन शुल्क' सुचवलं. म्हणाले, "ते तर ढाब्यावर धाड घालतात ते."
काकांचं चुकलंय असं म्हणवत नाही. फलकावर जागा दोन ओळींची, आणि शुक्रवारी छपाईला जायचंय. काय लिहू?

कोशकिडा
काकांना माझा दंडवत. 'आबकारी' हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी, आणि आबकार म्हणजे दारू गाळणारा. म्हणजे हा शब्द जन्मतःच ओला आहे. सरकारने दारूच्या कराला तो लावला ते बरोबरच होतं, तो कापडाला लावणं बरोबर नाही. इंग्रजी 'एक्साइज' मात्र देशात तयार होणाऱ्या कुठल्याही मालावर बसते. आपल्याकडे 'उत्पादन शुल्क' हा शब्द कोरडा होता, पण त्याच नावाच्या खात्याच्या हाती दारू आली आणि तोही भिजला.
सरळ 'जकात' लिहा. दीडशे वर्षांपूर्वीचा मराठी वाचक ते सहज समजला असता.

फलकवाला
जकातीने माझा घोटाळा वाढतो. एकाच फलकावर दोन कर आहेत. विलायतेहून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के. पहिली जकात असेल तर दुसरी काय? दोन्हींना जकात म्हटलं तर सगळी गोष्टच बुडते. गोष्ट हीच आहे की सरकारने एका हाताने बाहेरच्या मालावर कर बसवला आणि दुसऱ्या हाताने तेवढाच घरच्यावर.

शुद्धमती
जकात अरबी, अबकारी फारसी, एक्साइज इंग्रजी. मराठीला स्वतःचं काही आहे की नाही? 'समतोलन शुल्क' लिहा. अर्थवाही आहे, संस्कृताधिष्ठित आहे आणि दारूचा वास येत नाही.

कोशकिडा
शुद्धमतीताई, 'समतोलन शुल्क' वाचून मला वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं वाटलं. जकात अरबी आहे हे कबूल. पण जकातनाक्यावर रात्रभर ट्रक अडकलेल्या माणसाला विचारा तो शब्द परका वाटतो का ते.

आडवाउभा
इचलकरंजीचा आहे, घरात तीन पिढ्या माग. शब्द नंतर ठरवा, आधी कर कशावर होता ते नीट बघा, कारण १८९४ चा आणि १८९६ चा कर एक नाही.
रुपया घसरला, खजिना आटला, म्हणून सरकारला आयात मालावर पुन्हा कर बसवणं भाग पडलं. लँकेशायरवाल्यांनी, म्हणजे मँचेस्टर आणि आसपासच्या इंग्लिश गिरणीवाल्यांनी, बोंब मारली की आमच्या कापडावर कर बसला तर मुंबईच्या गिरण्यांचं फावेल. म्हणून १८९४ च्या डिसेंबरात आयात कापडावर आणि सुतावर ५ टक्के बसवताना इथल्या गिरणीच्या सुतावरही ५ टक्के लावले, पण फक्त वीस नंबरच्या वरच्या सुतावर.
वीस नंबर म्हणजे काय? ८४० वारांची एक लड. एका पौंडात अशा वीस लडी बसल्या तर ते विसाचं सूत. नंबर जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. मँचेस्टरचा माल बारीक सुताचा, आपल्या गिरण्यांचा बराचसा जाडाभरडा. त्यामुळे ही रेघ तशी समजण्यासारखी होती. पण मँचेस्टरचं तेवढ्याने भागेना. १८९६ च्या फेब्रुवारीत सूत मोकळं सोडलं, आयात कापडावरचा कर साडेतीनवर आणला आणि इथल्या गिरणीत विणलेल्या सगळ्या कापडावर साडेतीन लावला. जाडंभरडंही त्यात आलं. जे कापड मँचेस्टर विणतच नव्हतं आणि जे शेतकरी, हमाल नेसत होता, त्यावर कर बसला. विलायती तलम नेसणाऱ्याला मात्र दीड टक्का सूट मिळाली. हातमाग सुटला, हे आमच्या पणजोबांचं नशीब.
तेव्हा फलकावर 'सुतावरचा कर' लिहू नका. पुष्कळ जण लिहितात.

लालबागची
आडवाउभा, हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.
माझा आक्षेप 'समतोलन'वर वेगळ्याच कारणाने आहे. तो शब्द परका किंवा जड आहे म्हणून नव्हे. 'काउंटरव्हेलिंग' हा मुळात एका बाजूचा शब्द आहे. पारडं समान केलं, असं सांगणारा. तराजू कुणाचा? ज्याच्या हातात तराजू होता त्याने आपल्या कराला दिलेलं ते गोंडस नाव. ते मराठीत जसंच्या तसं आणलं की आपण लँकेशायरचं म्हणणं आपल्या अक्षरात छापतो.
माझे आजोबा १९२५ च्या संपात होते. मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के काट मारली होती आणि सांगत होते की सरकारने हा कर काढला तर काट मागे घेऊ. दोन महिन्यांहून जास्त घरात चूल धड पेटली नाही. डिसेंबरात सरकारने कराची वसुली थांबवली, तेव्हा काट मागे घेतली गेली. म्हणजे हा कर तीस वर्षं मालकाच्या वहीत होता आणि शेवटी भरला कामगाराच्या पोटाने. आता त्याला समतोल म्हणायचं?

शुद्धमती
भावना समजते, पण अनुवादकाने मूळ शब्दाचा अर्थ द्यायचा असतो, आपलं मत नाही. हवं तर अवतरणात घाला.

लालबागची
फलकावर अवतरणचिन्ह कोण बघतं हो? लोक उभ्याउभ्या वाचतात, हातात पोराचं बोट असतं.

रिकामटेकडा
शब्दाचं तुमचं चालू द्या. फलकावर 'विलायती कापडाची पहिली होळी पुण्यात १९०५ साली' असं काही आहे का? असेल तर खोडा.

फलकवाला
आहे! पुढच्याच फलकावर. ७ ऑक्टोबर १९०५, सावरकर आणि विद्यार्थी, टिळकांचं आणि शिवरामपंत परांजप्यांचं भाषण. का खोडू?

रिकामटेकडा
'होळी' राहू दे, 'पहिली' खोडा. याच कराच्या रागाने १८९६ साली पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी विलायती कपडे जाळले होते. नऊ वर्षं आधी, वंगभंगाचा पत्ता नव्हता तेव्हा. त्याच्याही आधी सार्वजनिक काका, म्हणजे पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी घालून गेले होते. आपल्याकडे स्वदेशी म्हटलं की गाडी थेट १९०५ ला थांबते, मधली स्टेशनं कुणी बघत नाही.
१९०५ ची होळी गाजली खरी. सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढलं. त्याच गृहस्थांनी पुढे भाषाशुद्धी काढली. आधी विलायती कापड, मग विलायती शब्द. शुद्धमतीताई, तुमची परंपरा जुनी आहे.

शुद्धमती
टोमणा पोचला. सावरकरांनीच घडवलेला 'महापौर' म्हणताना मात्र तुम्हाला ती परंपरा आठवत नाही.

कोशकिडा
होळीवरून आठवलं, 'बहिष्कार' या शब्दाची गंमत बघा. आयर्लंडात १८८० साली मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला लोकांनी वाळीत टाकलं, त्याचं आडनावच क्रियापद झालं. आपल्याकडे तो शब्द आला तेव्हा त्याच्यासाठी कपडे शिवायची गरज पडली नाही. 'बहिष्कार' तयारच होता. जातीने, गावाने टाकायचा तो. खुद्द टिळक १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून ग्रामण्यात, म्हणजे वाळीत टाकण्याच्या वादात, सापडले होते. एक पेला चहा, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत. पंधरा वर्षांनी तेच अस्त्र त्यांनी मँचेस्टरवर फिरवलं आणि चतुःसूत्रीत बसवलं. माणसावर घालायचा बहिष्कार मालावर घातला, हे मला मराठीतलं फार मोठं अर्थांतर वाटतं.

लालबागची
अर्थांतर कुणाच्या दृष्टीने? ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं त्यांच्यासाठी बहिष्कार हे अस्त्र नव्हतं, पत्ता होता. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. मालावरच्या बहिष्काराला वीस वर्षं होऊन गेली होती, तरी बाबासाहेबांना तोच जुना अर्थ घ्यावा लागला. आणि २०१६ साली विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, म्हणजे शब्दाने जुनी कात अजून टाकलेली नाही.

कोशकिडा
मान्य. 'अर्थांतर' मागे घेतो, 'अर्थविस्तार' म्हणतो.

मालवणी खाजा
उशिरा आलंय, सगळं वाचलं. फलकवाल्यानु, करवसुलीच्या भाषेत मिठावरचा करही एक्साइजच होता ना? पण त्याला मराठीत कुणी अबकारी म्हणालं? शुल्क म्हणालं? आमच्या शिरोड्याला १९३० मध्ये सत्याग्रह झाला तो मिठाच्या कराविरुद्ध. ज्या वस्तूवर कर, तिचंच नाव त्याला. घरपट्टी, पाणीपट्टी. 'कापडपट्टी' म्हणा आणि सुटा.

आडवाउभा
कापडपट्टी म्हणजे आमच्याकडे चिंधी.

कोशकिडा
आणि 'मोहतर्फा'? कारागीर, दुकानदार, विणकर यांच्या धंद्यावरचा जुना कर. दप्तरांत जागोजाग सापडतो.

रिकामटेकडा
शुक्रवारच्या आत पोराचं बोट धरलेल्या बापाला मोहतर्फा समजवा, मग बोलू.

मालवणी खाजा
बरं, चिंधीवरून एक विचारतंय. आमची आजी विलायती मांजरपाटाला शिव्या घालायची. नवा तागा आणला की कडक, वजनदार. एकदा विहिरीवर भिजत घातला की बादलीतलं पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं आणि हातात उरायची गाळणी. "पीठ विकत घेतलंस, कापड फुकट मिळालं," असं ती आजोबांना म्हणायची. तर 'मांजरपाट' हा शब्द 'मँचेस्टर'वरून आला का? आमच्या मास्तरांनी तसं सांगितलं होतं. मँचेस्टर, मांचर, मांजर.

आडवाउभा
आजीने बरोबर ओळखलं. ती खळ. खळीत चिनी माती कालवून कापडाचं वजन वाढवायचे, लँकेशायर त्यासाठी बदनाम होतं. पण नुसतं त्यांना का बोला, इथल्या गिरण्याही ती विद्या शिकल्या.

कोशकिडा
मास्तरांची व्युत्पत्ती गोड आहे, पण सोडा. शब्दाचं जुनं रूप 'मादरपाट'. मद्रासपट्टणचं कापड. इंग्रजांनी १६३९ मध्ये तिथे ठाण मांडलं तेच मुळी त्या किनाऱ्यावर कापड स्वस्त मिळतं म्हणून. मादरचं मांजर लोकांच्या जिभेने केलं. कालिकतवरून 'कॅलिको', आपल्या छिटावरून 'चिंट्झ', तसाच हा. इंग्लंडात हे छापील कापड इतकं खपू लागलं की १७०० आणि १७२१ मध्ये पार्लमेंटने कायदे करून ते बंद पाडलं. आपल्या मालावर पहिला बहिष्कार त्यांचा, आणि तोही कायद्याने. पुढे नाव मद्रासचं आणि तागा मँचेस्टरचा, असं कापड मालवणीबुवांच्या आजीच्या विहिरीवर पोचलं.

मालवणी खाजा
मास्तर आता नाहीत, नायतर सांगितलं असतं.

शुद्धमती
माझ्या माहेरी मांजरपाट म्हणजे मांजरीच्या पाठीसारखा मळकट पिवळा रंग, म्हणून. न धुतलेल्या कोऱ्या कापडाचा असतोच तो रंग. प्रत्येक शब्द परदेशातून नाहीतर परप्रांतातून आणायचा हट्ट का?

रिकामटेकडा
मग 'पाठ' असतं, 'पाट' कशाला?

फलकवाला
मंडळी, छपाईवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. सध्या असं लिहिलंय: 'विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर बसवला, मँचेस्टरचं नुकसान होऊ नये म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर लादला.' कराला नावच दिलेलं नाही. काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हां, आता कळलं." पुढच्या फलकावरचं 'पहिली' खोडलं.

शुद्धमती
ही पळवाट झाली. पारिभाषिक शब्द टाळला तर तो घडणार कधी?

लालबागची
'लादला' ठेवा. कुणी सांगितलं तरी काढू नका.

कोशकिडा
फलक झाला, आता मोकळेपणी विचारतो. वर मालवणीबुवांनी 'मांजरपाटाला' लिहून लिंग झाकलं. तुमच्याकडे तो मांजरपाट की ते मांजरपाट?

मालवणी खाजा
ता मांजरपाट.

आडवाउभा
तो. तागा तो, म्हणून मांजरपाट तो.

लालबागची
ते. कापड ते, म्हणून ते.