आईला घेऊन इटलीची बस टूर: गुडघा, जेवण आणि खोळंब्याची भीती

रंकाळा

नमस्कार. मे अखेरीस मी आणि आई एका ग्रुप टूरबरोबर इटलीला निघालोय. 31 मेला रोमला उतरायचं, तिथे चार मुक्काम, त्यातल्या एका दिवशी नेपल्स-पाँपेई करून परत. मग फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि शेवटी मिलान. रोमहून मिलानपर्यंत सगळा प्रवास बसने. व्हिसा झालाय, विमा झालाय.

आई 67 वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायची. नकाशावर बोट ठेवून मुलांना दाखवलेलं रोम एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून पाच वर्षं पेन्शनमधून पैसे बाजूला टाकतेय. उजवा गुडघा दुखरा आहे. सपाटीवर किलोमीटरभर चालते, मग बसावं लागतं. जिना चढताना कठडा लागतो. शाकाहारी आहे, अंडंही खात नाही.

टूरवाले म्हणतात, "एसी कोच आहे, चालणं फारसं नाही." मला खात्री वाटत नाही. परवा रात्री आई म्हणाली, "माझ्यामुळे चाळीस माणसांचा खोळंबा होणार. तू एकटीच जाऊन ये." तेव्हापासून मला चैन नाही. जाऊन आलेल्यांनी खरं काय ते सांगा. किती चालावं लागतं? खायचं काय न्यायचं? आणि तिला काय सांगू?

बोविझा

मी मिलानमध्ये शिकते. तारखा वाचून एक गोष्ट तातडीने सांगते. 2 जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन. रोममध्ये त्या दिवशी कलोसियमसमोरच्या रस्त्यावर संचलन असतं, आसपासचे रस्ते बंद असतात आणि सरकारी संग्रहालयांना मोफत प्रवेश असल्यामुळे गर्दी उसळते. तुमच्या कार्यक्रमात 2 तारखेला कलोसियम असेल तर आत्ताच बदलून मागा. व्हॅटिकन वेगळं राष्ट्र आहे, त्याला ही सुट्टी लागू नाही, त्यामुळे त्या दिवशी व्हॅटिकन संग्रहालय ठेवता येतं. मात्र ते रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. वार एकदा बघून घ्या.

पाकीटमार मेट्रोत आणि मोठ्या स्टेशनांवर असतात. पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आत, पोटाशी ठेवा.

मुक्कामी_गाडी

ताई, मी 31 वर्षं एसटीत चालक होतो, शेवटची अकरा माणगाव आगारात. गेल्या सप्टेंबरात मुलाने आम्हा दोघांना जवळजवळ हीच टूर घडवली. आमच्या हिचे दोन्ही गुडघे दुखतात. म्हणून सविस्तर लिहितो.

बस आपल्याला दारात नेऊन सोडते, हा समज आधी काढून टाका. तिकडच्या जुन्या शहरांत मधल्या भागात गाड्यांवर निर्बंध असतात. मोठी बस तर ठरलेल्या जागेपलीकडे जाऊच शकत नाही. पिसाला बस शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबते, तिथून मनोऱ्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चाल, नाहीतर छोटी शटल. व्हेनिसला बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळापर्यंत. तिथून बोटीने सान मार्कोच्या बाजूला उतरायचं, आणि पुढे पूल. व्हेनिसमध्ये चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. फ्लॉरेन्सला तर उतरल्यापासून परत बसेपर्यंत सगळं पायीच. मी मोबाइलवर मोजलं, दिवसाला बारा ते सोळा हजार पावलं झाली. टूरवाले खोटं बोलतात असं नाही, ते बसमधले तास मोजतात. आपण उतरल्यानंतरचे मोजायचे.

आणि ते दगड! रोममधल्या जुन्या रस्त्यांवर काळ्या बसाल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेत, मधे फटी. पाय सरळ पडतच नाही. घरातल्या फरशीवर फेऱ्या मारून त्याची तयारी होत नाही. तुमच्याकडे पन्हाळा आहे. आईंना आठवड्यातून तीनदा तसल्या दगडी वाटेवर हळूहळू चालवा, तेही ज्या बुटांत जाणार त्याच बुटांत. नवे बूट तिकडे काढायचे नाहीत. हातात घडीची काठी द्या. आमची ही आधी काठीला नाही म्हणत होती. पहिल्याच दिवशी दुपारी तिने ती स्वतःहून मागितली आणि मिलानपर्यंत सोडली नाही.

आता खोळंब्याचं. हे आईंना वाचून दाखवा.

तिकडे चालकाला सलग साडेचार तासांपेक्षा जास्त गाडी हाकता येत नाही. मग 45 मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. दोन ड्युट्यांमध्ये साधारण अकरा तास विश्रांती. गाडीत टॅकोग्राफ असतो, त्यात चालकाचं कार्ड घातलेलं असतं, चाक कधी फिरलं आणि कधी थांबलं याची नोंद आपोआप होते. हा युरोपीय संघाचा कायदा आहे. आमचा चालक पन्नाशीचा होता. मीही चालक होतो हे टूर मॅनेजरने त्याला सांगितल्यावर त्याने मला पुढे बोलावलं आणि त्या दिवसाच्या नोंदीचा कागद काढून दाखवला. भाषा नाही कळली, पण कागद कळला. तीन दशकं स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला चालकाच्या झोपेची किंमत सांगावी लागत नाही. मला फार बरं वाटलं.

तुमच्या कामाची गोष्ट ही की बस थांबणारच आहे. हमरस्त्यावरच्या थांब्यांवर सगळेच उतरतात, शौचालय असतं, बसायला जागा असते. त्यात आई कोणाचा वेळ खात नाहीत. वेळ चुकून चालत नाही तो सकाळी निघताना, कारण चालकाचा दिवस तिथून मोजला जातो. आईंनी सकाळी दहा मिनिटं आधी खाली यावं, बास.

आमच्या टूरमध्ये तीनदा खोळंबा झाला. तिन्ही वेळा खरेदीला गेलेली धडधाकट मंडळी. गुडघेवाली माणसं दर वेळी आधी बसजवळ. त्यांना आपला वेग ठाऊक असतो, ती हिशेबाने निघतात.

फ्लॉरेन्सला आमच्या हिने सांगून टाकलं, मी इथेच बसते. पालाझ्झो वेक्कियोसमोरच्या चौकात एक उघडा कमानींचा मंडप आहे, लोज्जा देई लांझी. तिकीट नाही. आत दगडी बाकासारखी बसायला जागा आहे आणि पुतळे अगदी समोर: मेड्युसा राक्षसिणीचं शिर उंच धरलेला ग्रीक कथांमधला वीर पर्सियस, शिल्पकार चेल्लिनीने ब्राँझमध्ये घडवलेला, आणि दुसरा शिल्पकार जांबोलोन्याचा तो एकाच संगमरवरातून काढलेला तीन माणसांचा, ज्याला समोरची बाजू अशी नाहीच, फिरून फिरून बघावा लागतो. ही तासभर त्या दोन्हींपुढे बसली. आम्ही परत आलो तेव्हा तिने मला हाताला धरून पुतळ्याभोवती फिरवलं आणि खालचा म्हातारा कसा दबलाय ते दाखवलं. आम्ही चाळीस जण त्याच मंडपावरून सकाळी न थांबता पुढे गेलो होतो.

तेव्हा थकल्यावर बसणं म्हणजे टूर हुकणं नव्हे. फक्त गाइडला सांगून बसायचं, परत भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून घ्यायची, हॉटेलचं कार्ड जवळ ठेवायचं. गाइडचा आवाज कानातल्या यंत्रातून येतो, थोडं मागे राहिलात तरी ऐकू येतो. व्हॅटिकन संग्रहालयात चाकाची खुर्ची मिळते, टूरवाल्यांना आधी विचारून ठेवायला सांगा. आईंना संकोच वाटेल. पण सिस्टिन चॅपेलपर्यंत दालनांमागून दालनं आहेत, आणि तिथे पोचल्यावर मान वर करून बघण्याइतकी ताकद उरली पाहिजे. त्या छतावरच्या चित्रांना मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 अशी चार वर्षं दिली.

टूरवाल्यांना दोन प्रश्न लेखी विचारा. कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणापुढे "आत प्रवेश" आहे की "बाहेरून दर्शन"? आणि हॉटेलं नक्की कुठल्या गावात? व्हेनिसचा मुक्काम बहुधा पाण्याअलीकडच्या मेस्त्रेला असतो, फ्लॉरेन्सचा पुष्कळदा तासभर लांब. आम्हाला हे तिथे गेल्यावर कळलं आणि वाईट वाटलं.

मेतकूट

काकांनी चालण्याचं सांगितलं, मी खाण्याचं सांगते. मीही शुद्ध शाकाहारी.

पहिलं म्हणजे पेढे, बर्फी, चक्का, तूप, खवा यातलं काही नेऊ नका. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला प्रवाशांना बंदी आहे. भडंग, कोरडे पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, घट्ट झाकणाचं लोणचं, गूळपोळी तेलातली, हे न्या. तिकडच्या हॉटेलांत किटली नसते बऱ्याचदा, छोटी घेऊन जा आणि गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर. तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतातला, पाव बिनमिठाचा असतो. पहिला घास घेतल्यावर चुकलंय की काय वाटतं, पण त्यावर शेंगदाण्याची चटणी फार छान लागते.

पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. आई मानत असतील तर "सेन्झा पार्मिजानो" म्हणायचं. पिझ्झा मारिनारा मागितला तर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, विचारा. "सोनो वेजेतारियाना, सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा": शाकाहारी आहे, मांस नको, मासे नको, अंडी नकोत. हे मी चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, वेटरला चिठ्ठीच द्यायची. बिलात "कोपेर्तो" दिसेल, तो बसण्याचा आकार, फसवणूक नाही. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त.

आणि कोणी विचारत नाही पण सगळ्यांना हवं असतं ते सांगते. इटलीत न्हाणीघरात बिडे असतो, धुवायची सोय. 1975 पासून घरांमध्ये तो कायद्यानेच लागतो, हॉटेलांतही सर्रास असतो. पॅरिसला माझे हाल झाले होते, इटलीत नाही.

रोममध्ये पाणी विकत घेऊ नका. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, दोन हजारांच्या वर, चोवीस तास वाहणारे. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट पिता येतं.

रंकाळा

काका, ताई, बोविझा, तिघांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "गुडघेवाली माणसं आधी बसजवळ" इथे तिने परत वाचायला लावलं. आज सकाळी ती स्वतःहून बूट घालून दारात उभी होती.

टूरवाल्यांना लेखी विचारलं. कलोसियम 2 तारखेलाच होतं! ते 1 तारखेला करून दिलंय. 2 मंगळवारी येतोय, त्या दिवशी व्हॅटिकन.

मुक्कामी_गाडी

छान झालं. आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत म्हणून एक राहिलेलं लिहितो.

रोमहून नेपल्सला जाताना बस ए-वन महामार्गाने जाते, मिलानपासून नेपल्सपर्यंतचा हा रस्ता 1964 साली पूर्ण झाला. आईंना डाव्या खिडकीशी बसवा. निम्मी वाट सरली की डोंगरमाथ्यावर पांढरा प्रचंड मठ दिसेल, मोंतेकासिनो. 1944 साली दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीत तो जमीनदोस्त झाला, आत्ताचा पुन्हा बांधलेला. त्या डोंगराखाली कासिनोच्या युद्धस्मशानात एक स्मारक आहे, ज्यांना कबर किंवा समाधी मिळाली नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांच्या नावांचं. त्यात एक नाव नाईक यशवंत घाडगे यांचं. मराठा लाइट इन्फंट्री, वय 22, गाव आमच्या माणगाव तालुक्यातलं. 10 जुलै 1944 रोजी उत्तरेकडे टायबर नदीच्या खोऱ्यात तुकडीतले सगळे पडल्यावर हा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला आणि ते त्याने घेतलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मी त्याच्या जवळून रोज गाडी काढत होतो.

आमची बस तिथे थांबली नाही, कार्यक्रमात नव्हतं. मी चालकाला हाताने डोंगर दाखवून "इंडियन सोल्जर, माय व्हिलेज" एवढंच म्हणालो. त्याने वेग कमी केला. महामार्गावर तेवढंच त्याच्या हातात होतं.

रंकाळा

काल परत आलो. आई बरी आहे, गुडघा सुजलाय, बर्फ लावतेय. व्हेनिसला तिने दोनच पूल केले आणि मग सान मार्कोच्या चौकात बसून राहिली. लोज्जात मात्र पाऊण तास उभी होती, बसायला तयार नव्हती.

काका, डावी खिडकी मिळाली. मठ दिसायच्या आधी आईने टूर मॅनेजरकडून माइक मागून घेतला आणि घाडग्यांबद्दल बोलली, वर्गात बोलायची तशी. पाच मिनिटं. बसमध्ये साताऱ्याचे एक आजोबा होते, त्यांचे चुलते त्याच लढाईत इटलीत होते, परत आले होते. नेपल्स येईपर्यंत ते आणि आई बोलत होते. त्यांच्या घरी चुलत्यांची पत्रं आहेत, मोडीतली. आईला मोडी वाचता येते. पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याला जातोय.