"मोटिव्हेशन गेलंय" याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? उमेद, हुरूप, उभारी की तकवा?

नाईटड्युटी (मिरज)
नमस्कार मंडळी, एक शब्द शोधतेय. मी मिरजेत नर्स आहे. हल्ली असं झालंय की सुट्टी घेतली, झोप काढली, तरी परत ड्युटीला जायचं म्हटलं की पाय उचलत नाही. बरोबरच्या मुली म्हणतात बर्नआउट झालंय, मोबाईलवरचे व्हिडिओवाले म्हणतात मोटिव्हेशन लो आहे, आई म्हणते तुझी उमेदच गेली गं, आणि शेजारच्या काकू म्हणतात अंगात तकवा राहिला नाही, खारीक-बदाम सुरू कर. मला असं वाटायला लागलंय की हे चौघं चार वेगळ्या गोष्टी सांगतायत आणि मी मात्र सगळ्यांना एकच "हो ना" म्हणतेय. 'प्रेरणा' हा शब्द मला भाषणातला वाटतो, घरात कुणी "माझी प्रेरणा संपली" असं म्हणत नाही. तर रोजच्या बोलण्यातला शब्द हवाय, आणि त्यांच्यात फरक काय तेही सांगा.

मराठी शिकवते (कराड)
ताई, तुमची शंका बरोबर आहे, चारही वेगळे आहेत. मी वर्गात मुलांना एक सांगते, असले मनाचे शब्द नीट कळत नसतील तर त्यांच्या जोडीला क्रियापद कुठलं येतं ते बघा, अर्थ आपोआप सुटतो.

तकवा आणि त्राण हे अंगात असतात. "अंगात त्राण नाही" म्हणतो, "मनात त्राण नाही" असं मी तरी कधी ऐकलं नाही. टायफॉईडमधून उठलेला माणूस पेज प्यायला लागला की "आता जरा तकवा आला" म्हणतात. म्हणजे हा खाण्याझोपेचा मामला, तुमच्या काकू शब्दाला धरूनच औषध सांगतायत.

हुरूप येतो, वाढतो, चढतो. हुरूप कुणी 'धरत' नाही, 'बाळगत' नाही, तो ठरवून आणताच येत नाही, काहीतरी घडलं की त्याच्या मागोमाग येतो. पोराचं एक गणित सुटलं, बाई "शाब्बास" म्हणाल्या, की पुढची चार गणितं तो न सांगता करतो, तो हुरूप.

उमेद धरतात, बाळगतात, आणि ती खचते. फारसीत उमेद म्हणजे आशा, म्हणून तिचं तोंड कायम उद्याकडे असतं. उमेदवार म्हणजे मुळात आशा धरून बसलेला. पूर्वी कचेरीत काम शिकायला, पुढं नोकरी लागेल या आशेवर राहणाऱ्यालाही उमेदवार म्हणायचे आणि त्या शिकण्याला उमेदवारी. निवडणुकीतला अर्थ त्यातूनच आला. म्हणजे आई "उमेद गेली" म्हणते तेव्हा तिला तुमचा थकवा दिसत नाहीये, तुम्ही पुढचं बोलायचं बंद केलंय हे दिसतंय. आईला हे आधी दिसतं.

आणि उभारी. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते कारण ती धरताही येते आणि देताही येते. "पोरीनं उभारी धरली" आणि "पोरीला उभारी दिली" दोन्ही बरोबर. हुरूप देता येत नाही असं नाही, पण उभारी द्यायला दुसरा माणूस हाताशी असावा लागतो, हा त्या शब्दातच भाव आहे. उभा, उभारणे, उभारी, सगळं एकाच घरातलं.

बागवाला (तासगाव)
बाईंनी उभारी सांगितली, आमच्याकडं ती पिकाला रोज वापरतात. पावसानं उघडीप दिली, ऊन पडलं, की "पिकानं उभारी धरली". पण मला दुसराच शब्द सांगायचाय, विश्रांती.

आमच्या द्राक्षबागेत माल उतरला की लगेच छाटणी घेत नाहीत. बागेला विश्रांती देतात आणि मग एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या पार आखूड कापायची. आता बाहेरच्या माणसाला वाटतं विश्रांती म्हणजे बाग सोडून दिली, पाणी बंद, खत बंद. उलट आहे. माल देऊन वेल रिकामी झालेली असते, तर त्या दिवसांत तिला खतपाणी करायचं, पानं जमतील तेवढी हिरवी टिकवायची, म्हणजे खोडात आणि ओलांड्यात, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांत, अन्न साठतं. खरड छाटणीनंतर पहिली फूट निघते ती त्या साठ्यावर निघते, तेव्हा वेलीला पान नसतंच. ज्यानं विश्रांतीत बागेकडं बघितलं नाही त्याची फूट मागंपुढं निघते, काडी बारीक राहते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीला घड नाही म्हणून रडायची वेळ येते.

ताई तुमची सुट्टी मला तशी सोडून दिलेल्या बागेसारखी वाटतीय, राग मानू नका. नुसतं पडून राहणं म्हणजे कामाचं पाणी तोडलं एवढंच, आत काय भरलं का? माझी बायको आशा वर्कर आहे, तिचंही असंच होतं, ती सुट्टीला मोबाईल घेऊन पडून राहिली तर संध्याकाळी जास्त चिडचिडी होते आणि बहिणीकडं जाऊन दिवसभर पापड लाटून आली तर दमलेली असते पण चेहरा उजळलेला असतो.

पेठेतला (सांगली)
'उभारी देणे' वर थोडं लिहितो. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावरून समजा. आमचं दुकान पेठेत, पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर आत गाळ, माल सगळा गेलेला, वास असा की उभं राहवेना. वडील पायरीवर बसून राहिले, बोलेनात. त्यांना त्या दिवशी "हिंमत ठेवा काका" म्हणणारे भरपूर आले, त्यानं काहीही झालं नाही, ते मान हलवायचे आणि परत तसेच. मग समोरचा एक दुकानदार, ज्याचं स्वतःचं दुकान तसंच भरलेलं होतं, तो फावडं घेऊन आला आणि न विचारता आमचा गाळ ओढायला लागला. वडील दोन मिनिटं बघत राहिले आणि उठले, कारण त्याला एकट्याला कसं करू द्यायचं. हे मी उभारी देणं समजतो. तोंडानं देतात तो धीर. धीराची किंमत कमी नाही, पण शब्द वेगळा आहे आणि वापरताना वेगळाच ठेवावा असं माझं मत आहे.

नाईटड्युटी (मिरज)
काका, बागेचं वाचून खरंच गप्प झाले, राग कसला. माझी सुट्टी अगदी तशीच जाते, पडदे लावून. पण एक विचारते, बर्नआउटला यातलं कुठलं चालेल? सिस्टर लोकांत तोच शब्द सर्रास आहे.

समुपदेशन करते (सातारा)
बर्नआउटवर मी लिहिते, माझ्या कामाचा भाग आहे. हा शब्द या अर्थानं मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे कार्यकर्ते काही काळानं आतून रिकामे होताना त्यांनी बघितले, आणि ते स्वतःही त्यातून गेले होते. म्हणजे शब्दाचा जन्मच दवाखान्यातला आहे, नर्सेसना तो आपला वाटतो यात नवल नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, जी २०१९ ला मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू आहे, बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. त्याच्या तीन बाजू सांगितल्यात आणि तिन्हींना मराठीत आधीपासून शब्द आहेत. पहिली, शक्ती संपणं, म्हणजे त्राण जाणं. दुसरी, कामापासून मन लांब जाणं, कडवटपणा येणं, याला आपण "कामावरनं मन उडालं" म्हणतो. तिसरी, आपल्या हातून आता काही नीट होत नाही असं वाटणं, म्हणजे हुरूप नाही आणि स्वतःवरचा भरवसाही नाही. तिन्ही एकत्र असतील तर एका मराठी शब्दात कोंबू नका, बर्नआउट खुशाल म्हणा. पण आपल्यात यातलं जास्त काय आहे ते ओळखायला मराठी शब्द वापरा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. त्राण गेलं असेल तर ड्युटीचं वेळापत्रक, झोप, जेवण, आणि बायकांनी तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तपासून घ्यावंच. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही व्हिडिओ बघून काही होणार नाही. मन उडालं असेल तर नुसत्या झोपेनं परत येत नाही, तिथं काम कसं वाटून दिलंय, वरचे लोक कसं वागवतात, कुणाशी बोलता येतं का, हे बघावं लागतं, आणि ते एकट्या नर्सच्या हातात नसतं हेही स्पष्ट सांगते.

हुरूपाबद्दल बाईंनी लिहिलं तो आमच्या शास्त्रातला मोठा मुद्दा आहे. पीटर ल्युइन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात उदासीवर काम करताना हेच मांडलं, की माणूस उदास झाला की गोष्टी करायच्या सोडतो, सोडल्या की आनंद द्यायच्या जागा कमी होतात, त्यानं आणखी उदास होतो. म्हणून वाट बघायची नाही की मन तयार होईल मग करू, आधी एक लहान काम करायचं, ठरलेल्या वेळेला, मन असो नसो, आणि मन मागनं येतं. काम खरंच लहान हवं. "रोज पहाटे अजिंक्यतारा चढणार" असलं नको, "चहा गच्चीवर जाऊन पिणार" एवढं.

आणि उमेद. ताई, आईनं वापरलेला शब्द मला सगळ्यात जास्त गंभीर वाटतो. दोन आठवडे किंवा जास्त, दिवसातला बराच वेळ, रोज, मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर त्याला बर्नआउट म्हणून बाजूला टाकू नका, ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

वाईची मावशी
माझी भर साधी आहे. आमच्या सातारा-सांगलीत 'दम' हा शब्द आहे त्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. दम म्हणजे फारसीत श्वास. आपण दम लागला म्हणतो, दम खा म्हणतो, दम धर म्हणतो, आणि "दमानं घे". दम खाणं म्हणजे थांबून श्वास घेणं, दम धरणं म्हणजे वाट बघणं, दमानं म्हणजे हळूहळू पण न थांबता. माहेरी मळ्यात काम करताना आजी "दमानं गं" म्हणायची तेव्हा तिला काम सोड असं म्हणायचं नसायचं, इतक्या जोरात सुरुवात करू नकोस की दुपारपर्यंत संपशील, एवढंच.

तसाच 'विसावा'. माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला, मग तरडगाव, फलटण. तिच्या वेळापत्रकात विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. विसावा म्हणजे दुपारचं टेकणं, वाटेतलंच, चालण्याचाच भाग. मुक्कामाला रात्र काढतात. आजकाल सगळे मुक्कामाची, म्हणजे मोठ्या सुट्टीची, वाट बघत महिने काढतात आणि मधले विसावे खाऊन टाकतात. ताई, ड्युटीत पाच मिनिटं बसायला मिळतात का तुम्हाला? मिळत असतील तर तेव्हा फोन बघू नका.

पेठेतला (सांगली)
मावशी, दम भारी. आपल्याकडचा अजून एक, 'ईर्षा'. पुस्तकी मराठीत ईर्षा म्हणजे मत्सर, पण आमच्याकडं "पोरं ईर्षेनं खेळली", "ईर्षेनं मतदान झालं" हे कौतुकानं म्हणतात. कुंडलच्या कुस्ती मैदानात हाच शब्द ऐकाल. म्हणजे समोर कुणीतरी आहे म्हणून अंगात येणारा जोर. हा पण मोटिव्हेशनचाच प्रकार झाला ना?

मराठी शिकवते (कराड)
झाला की. फक्त समोरचा हटला की तो जोरही उतरतो. मी दहावीच्या मुलांत हे दरवर्षी बघते, मार्कांच्या ईर्षेवर वर्षभर पळालेली हुशार मुलं परीक्षा संपल्यावर अशी गळून जातात की घरचे घाबरतात. त्यांना कुणाच्या पुढं जायचं ते माहीत असतं, त्या विषयात आपल्याला काय आवडतं ते कुणी विचारलेलंच नसतं.

त्याच्याच शेजारचा शब्द 'अवसान'. संस्कृतात अवसान म्हणजे शेवट, पण मराठीत अंगातलं बळ, धैर्य, हिंदी-उर्दूतल्या 'औसान'च्या जवळचं. अवसान गळतं, आणि अवसान आणतात. बहुतेक वेळा 'उसनं' अवसान आणतात, हे विशेषण त्याला इतकं चिकटलंय की वेगळं काढवत नाही. उसनं म्हणजे परत द्यायचं असतं. सणावाराला शेजारणीकडनं वाटीभर साखर आणतो ते उसनं. ताई, तुम्ही वॉर्डात पेशंटसमोर हसता, नातेवाइकांना समजावता, ते बऱ्याचदा उसनं अवसान असणार आणि त्याची परतफेड घरी आल्यावर होत असणार.

नाईटड्युटी (मिरज)
बाई, उसन्या अवसानाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण नेमकं तेच आहे. मला वाटायचं घरी आल्यावर मी अशी का होते, पोराशी बोलायला पण नको वाटतं, मी वाईट आई झाले का. आता निदान सांगता येईल की दिवसभराचं फेडतेय, थोडा वेळ द्या. नवऱ्याला हे वाचायला दिलं, तो म्हणाला मग घरी आल्यावर पहिला अर्धा तास तुला कुणी काही विचारणार नाही, पोराला मी बघतो. रक्ताच्या तपासण्या या आठवड्यात करते. उमेदीचं मॅडमनी लिहिलं ते आईला दाखवलं नाही अजून, पण स्वतःशी मोजून बघितलं, जगण्यावरनं मन उडालेलं नाही, कामावरनं उडालंय. मन उडालंय हाच शब्द धरते मी. इनचार्ज सिस्टरशी वॉर्ड बदलून मागायचं बोलणार आहे, त्यांना बर्नआउट सांगितलं तर "सगळ्यांनाच आहे" म्हणतील, "या वॉर्डावरनं माझं मन उडालंय" म्हटलं तर कदाचित कारण विचारतील.

एक शंका राहिली, 'हुरूप वाटतो' चालतं का? माझी मैत्रीण म्हणते.

मराठी शिकवते (कराड)
'हुरूप वाटतो' बोलण्यात ऐकू येतं, चूक म्हणणार नाही, पण 'येतो' जास्त रुळलेलं. 'वाटते' ती हुशारी, "आज जरा हुशारी वाटतेय", आजारातून उठलेल्यानं म्हणायचं. तिथला हुशार म्हणजे सावध, होशियार, बुद्धीचा संबंध नाही. वॉर्डात जुनी माणसं म्हणत असतील बघा. आणि वॉर्ड बदलून मिळाला का ते इथंच कळवा.