ड्रॉपडाउन, सिलेक्ट, कॉम्बोबॉक्स: मराठीत काय म्हणायचं?

विचारणा

आमच्या टीमसाठी वेब फॉर्मच्या घटकांची मराठी मार्गदर्शिका लिहायचं काम माझ्याकडे आहे. डेव्हलपर, टेस्टर आणि स्क्रीनवरचा मजकूर लिहिणारे असे सगळेच ती वापरणार. टेक्स्टबॉक्स, चेकबॉक्स, रेडिओ बटण इथपर्यंत काही अडलं नाही. ड्रॉपडाउनपाशी मात्र घोडं पेंड खातंय. बोलताना सगळे सरसकट 'इथे ड्रॉपडाउन टाक' म्हणतात. कंपोनंट लायब्ररी (फॉर्मच्या तयार घटकांचा संच) उघडली की त्याच जागी सिलेक्ट, ड्रॉपडाउन, लिस्टबॉक्स, कॉम्बोबॉक्स, ऑटोकम्प्लीट अशी नावं दिसतात. मी मसुद्यात या सगळ्यांना 'निवडसूची' म्हटलंय. चालेल का? आणि पहिल्या ओळीत नुसतं 'निवडा' लिहिलेलं पुरतं का?

प्रतिसाद १

सगळ्यांना एकच शब्द देऊ नका. शब्द कोणताही ठरवा, पण या वस्तू वेगळ्या आहेत आणि नाव एक केलं की चुकीचा कंपोनंट उचलला जातो.

'ड्रॉपडाउन' हा शब्द फक्त रूप सांगतो: क्लिक केलं की खाली काहीतरी उघडतं. 'सिलेक्ट' काम सांगतो: अनेकांतून निवडायचं आणि ती निवड फॉर्मबरोबर पाठवायची. एचटीएमएल म्हणजे वेब पान लिहायची भाषा, आणि टॅग म्हणजे तिच्यातल्या खुणा. १९९५ साली आलेल्या एचटीएमएल २.० मध्ये सिलेक्ट आणि ऑप्शन हे टॅग होते, ड्रॉपडाउन नावाचा टॅग तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. पुढे लायब्रऱ्या आल्या आणि प्रत्येकीने आपापली वाटणी केली. बूटस्ट्रॅपमध्ये ड्रॉपडाउन म्हणजे बटणाखाली उघडणारी लिंक वा कृतींची यादी, फॉर्ममधला सिलेक्ट वेगळा. अँट डिझाइनमध्येही या दोघांची पानं वेगळी आहेत. हेडलेस यूआयने तर 'ड्रॉपडाउन' हे नावच कंपोनंटला दिलं नाही, तिथे मेनू, लिस्टबॉक्स आणि कॉम्बोबॉक्स असे तीन स्वतंत्र कंपोनंट आहेत. उलट सिमँटिक यूआयमध्ये एकच ड्रॉपडाउन दोन्ही कामं करतो.

आता नवीन डेव्हलपरला कोणी सांगितलं, 'रक्तगटाला ड्रॉपडाउन लाव'. तो लायब्ररीत तोच शब्द शोधतो, मेनूसाठी बनवलेला कंपोनंट घेतो, त्यात आठ रक्तगट भरतो. दिसायला सगळं ठीक असतं. पण फॉर्म पाठवला की रक्तगट जातच नाही, कारण त्या कंपोनंटला व्हॅल्यू (फॉर्मबरोबर पाठवायची निवड) ही कल्पनाच नाही. 'आवश्यक' ही तपासणी लागत नाही. लेबलवर क्लिक केलं तर फोकस येत नाही. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) त्याला मेनू किंवा नुसतं बटण म्हणून सांगतो, आणि ऐकणाऱ्याला इथे काहीतरी भरायचं आहे हे कळतच नाही. मग लपवलेलं इनपुट जोडा, कीबोर्ड हाताळा, अशी ठिगळं लागत जातात.

तेव्हा मार्गदर्शिकेत नावाच्या आधी एक प्रश्न लिहा: यादी मिटल्यावर काय उरतं? निवडलेला पर्याय खोक्यात दिसत राहिला, तर ती निवडसूची. काहीतरी घडलं आणि यादी निघून गेली (संपादन सुरू झालं, फाइल उतरली, दुसरं पान उघडलं), तर तो मेनू. आणि उघडण्याआधी किंवा उघडल्यावर टाइप करून यादी गाळता येत असेल, तर तिसरी वस्तू. तिला मी 'शोधसूची' म्हणेन.

प्रतिसाद २

वरच्या भेदाशी पूर्ण सहमत, पण 'निवडसूची' या शब्दाला माझा विरोध आहे. प्रशासनाच्या मराठीत निवडसूची म्हणजे निवड *झालेल्यांची* सूची. पदोन्नतीची निवडसूची, भरतीची निवड यादी. तो अर्थ वाचणाऱ्याच्या कानात आधीपासून बसलेला आहे. फॉर्ममधली यादी नेमकी उलटी आहे: तिच्यातलं अजून काहीच निवडलेलं नसतं. 'पर्यायसूची' घ्या. ज्यातून निवडायचं ते पर्याय, त्यांची सूची. शिवाय ऑप्शनला 'पर्याय' म्हणायचंच आहे, म्हणजे दोन्ही शब्द एकाच कुळातले होतील.

'पर्याययादी' म्हणायला माझी हरकत नव्हती, पण दोन 'य' शेजारी आल्याने जीभ अडखळते.

प्रतिसाद ३

पर्यायसूची मलाही पटते. कॉम्बोबॉक्सबद्दल थोडं सांगतो, कारण टेस्टर मंडळी तिथे हमखास गोंधळतात.

कॉम्बो म्हणजे जोड. मूळ अर्थाने कॉम्बोबॉक्स म्हणजे टाइप करायची जागा आणि यादी यांची जोडी, म्हणजेच वरची शोधसूची. पण सुगम्यतेच्या (अपंग व्यक्तींनाही वेब वापरता यावं यासाठीच्या) नियमांत हा शब्द आता पसरला आहे. २०२३ साली शिफारस म्हणून आलेल्या वाय-एरिया १.२ नुसार ज्यात टाइप करता येत नाही, फक्त निवडता येतं, असाही कॉम्बोबॉक्स असू शकतो. शिवाय एचटीएमएलचा साधा, एकच पर्याय निवडू देणारा सिलेक्ट ब्राउझर स्क्रीन रीडरला कॉम्बोबॉक्स म्हणूनच कळवतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून चाचणी करणाऱ्याला 'कॉम्बो बॉक्स' ऐकू आलं, तर चुकीचा कंपोनंट लावला असं नाही. मार्गदर्शिकेत हे वाक्य टाकाच, नाहीतर नसलेल्या चुकीचे बग नोंदवले जातील.

शोधसूचीतही एक फाटा आहे. यादीबाहेरचं काही लिहिलेलं चालतं का? मटेरियल यूआय या लायब्ररीच्या ऑटोकम्प्लीटमध्ये 'फ्री सोलो' चालू केलं की चालतं. एचटीएमएलच्या डेटालिस्टमध्येही (टेक्स्टबॉक्सला जोडलेली सुचवण्यांची यादी) चालतं. अशा वेळी ती सूची राहत नाही, तो सुचवण्या देणारा टेक्स्टबॉक्स होतो, आणि सर्व्हरवर काय येईल याची हमी उरत नाही. त्याला सरळ 'सुचवण्यांसह टेक्स्टबॉक्स' म्हणा. लांब आहे, पण खरं आहे.

आणि साध्या सिलेक्टवर अक्षर दाबलं की त्या अक्षराच्या पर्यायावर उडी जाते, तिला 'शोध' म्हणू नका. उडीत सगळी यादी जागेवर राहते, शोधात ती गाळली जाते.

विचारणा करणाऱ्याकडून

पर्यायसूची, शोधसूची, मेनू ही तीन नावं घेतो. आता अवस्थांचे शब्द. मसुद्यात मी 'उघडी' आणि 'बंद' लिहिलं होतं. टेस्टरकडून नोंद आली: 'रक्तगटाची सूची बंद आहे'. डेव्हलपर क्लिकवर यादी का उघडत नाही ते शोधत बसला. टेस्टरला म्हणायचं होतं, तो रकाना राखाडी आहे, वापरताच येत नाही.

प्रतिसाद १

हा 'बंद' सगळ्यात आधी काढा. मराठीत दारही बंद असतं, पंखाही बंद असतो आणि दुकानही बंद असतं, तिन्ही वेळा अर्थ वेगळा. बोलताना चालतं, कारण समोर वस्तू असते. बगच्या नोंदीत वस्तू समोर नसते.

यादी दिसत नाही, पण उघडता येते: मिटलेली. तिची जोडी उघडी. मिटणं-उघडणं हे डोळ्यांचं, पुस्तकाचं, छत्रीचं आपण रोज म्हणतो, कोणाला समजावावं लागत नाही. वाय-एरियामधली 'एक्स्पांडेड' (यादी उघडी आहे का) ही खूण खरी की खोटी, ते याच जोडीत बसतं.

हात लावता येत नाही: निष्क्रिय. इथे एक गोष्ट डेव्हलपरसाठी ठळक लिहा. निष्क्रिय केलेल्या सूचीची व्हॅल्यू फॉर्मबरोबर जात नाही. आणि 'फक्त वाचा' ही अवस्था एचटीएमएलच्या सिलेक्टला मुळात नाहीच, ती टेक्स्टबॉक्सला आहे. त्यामुळे 'भाषा दिसू दे, पण बदलता येऊ नये, आणि जाऊ दे मात्र' असं कोणी मागितलं तर निष्क्रिय करून भागत नाही. भाषा साध्या मजकुरात दाखवायची आणि व्हॅल्यू लपवलेल्या इनपुटमधून पाठवायची. 'निष्क्रिय' आणि 'फक्त वाचा' एकमेकांसाठी वापरले गेले की डेटा गळतो आणि कारण पटकन सापडत नाही.

प्रतिसाद ४

पहिल्या ओळीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि माझ्या मते मराठी फॉर्म सर्वांत जास्त तिथेच बिघडतात.

नुसतं 'निवडा' पुरत नाही असं मी म्हणेन. एका पानावर पाच सूच्या आणि पाचही ठिकाणी 'निवडा' असेल तर नजर दर वेळी लेबलकडे परत जाते. 'रक्तगट निवडा', 'भाषा निवडा', 'वर्ष निवडा' असं लिहा. लेबल मात्र वेगळं ठेवाच, कारण निवड झाली की ही ओळ नाहीशी होते. आजूबाजूच्या रेघा काढून टाका, त्या '-- निवडा --' मधल्या. कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून त्या चालत आल्या आहेत आणि त्यांचा कोणाला उपयोग नाही.

आता व्याकरण. 'निवडा' हे आज्ञार्थी रूप सोयीचं आहे, कारण ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. म्हणून साच्यात नाव भरून वाक्य बनवता येतं. पण चुकीच्या संदेशासाठी कोणी तसाच साचा करतं: '___ निवडलेला नाही'. मग 'रक्तगट निवडलेला नाही' बरोबर येतं आणि पुढच्याच रकान्यात 'भाषा निवडलेला नाही'. भाषा निवडलेली नाही, वर्ष निवडलेलं नाही. तीन लिंगांना एक साचा पुरणार नाही. तसंच '___साठी पर्याय निवडा'. भाषा आणि वर्ष यांचं सामान्यरूप व्हायला हवं: भाषेसाठी, वर्षासाठी. साचा ते करत नाही आणि स्क्रीनवर 'भाषासाठी' येतं. एकतर प्रत्येक रकान्याचं वाक्य स्वतंत्र लिहा, किंवा साच्यात नामाला विभक्ती आणि कृदंत लागणारच नाही अशी रचना घ्या. चुकीचा संदेशही 'भाषा निवडा' असाच ठेवला तर काही बिघडत नाही.

अनेक पर्याय निवडता येणाऱ्या सूचीत मोजणी दिसते. '१ पर्याय निवडला', '३ पर्याय निवडले'. 'पर्याय' बदलत नाही म्हणून इथे वचन विसरलं जातं, पण क्रियापद बदलतं. 'निवडलेले पर्याय: ३' ही रचना त्यातल्या त्यात सुरक्षित.

आणि कृपा करून 'निवडा', 'सर्व', 'लागू नाही' आणि 'माहीत नाही' यांची सरमिसळ करू नका. 'निवडा' म्हणजे अजून उत्तर आलेलं नाही. बाकीची तिन्ही उत्तरं आहेत. रक्तगट माहीत नसलेल्या माणसाला 'माहीत नाही' हा स्वतःच्या व्हॅल्यूसह पर्याय हवा, नाहीतर तो रकाना ओलांडण्यासाठी आठांतला कुठलातरी गट निवडेल. अशी नोंद कोरी राहण्यापेक्षा वाईट.

प्रतिसाद ३

याच्या तांत्रिक बाजूची भर. एचटीएमएलच्या सिलेक्टला प्लेसहोल्डर (काही निवडण्याआधी रिकाम्या जागी दिसणारी सूचना) असा गुणधर्म नाही. रिकाम्या व्हॅल्यूचा पहिला ऑप्शनच ते काम करतो, आणि सूची आवश्यक असेल तर तो निवडलेला असताना ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. रॅडिक्स या लायब्ररीच्या सिलेक्टमध्ये हीच युक्ती चालत नाही. तिथे रिकामी व्हॅल्यू दिलेला पर्याय टाकला की एरर येते, कारण रिकामी व्हॅल्यू त्यांनी 'निवड पुसा' या अर्थासाठी राखून ठेवली आहे. 'भाषा निवडा' तिथे प्लेसहोल्डर म्हणून द्यायचं, पर्याय म्हणून नाही. म्हणजे वरच्या प्रतिसादातला 'निवडा' आणि खरी उत्तरं यांतला भेद या लायब्ररीने कोडमध्येच पाळायला लावला आहे.

'व्हॅल्यू'ला मूल्य म्हणू नका, व्हॅल्यूच राहू द्या. पण पर्यायाची दोन अंगं वेगळी सांगा: दिसणारा मजकूर आणि पाठवली जाणारी व्हॅल्यू. ऑप्शनला व्हॅल्यू दिलीच नाही तर दिसणारा मजकूरच पाठवला जातो. इंग्रजी फॉर्म मराठीत आणताना कोणी फक्त मजकूर बदलतं आणि सर्व्हरकडे इंग्रजी शब्दाच्या जागी 'माहीत नाही' ही देवनागरी अक्षरं पोचतात. लायब्ररीगणिक शब्दाचा अर्थही हलतो. रिअ‍ॅक्ट सिलेक्ट या लायब्ररीत व्हॅल्यू म्हणून अख्खा पर्याय, मजकुरासकट, हातात येतो. रॅडिक्समध्ये फक्त व्हॅल्यूची अक्षरं. लायब्ररी बदलताना हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विचारणा करणाऱ्याकडून

शोधसूचीत काही सापडलं नाही तर 'पर्याय नाहीत' असं येतं. ते ठेवू का?

प्रतिसाद ४

दोन वेगळे प्रसंग आहेत. यादी मुळातच रिकामी असेल तर 'पर्याय नाहीत' बरोबर. वापरणाऱ्याने काही टाइप केलं आणि ते जुळलं नाही तर 'जुळणारा पर्याय सापडला नाही' म्हणा, म्हणजे तो अक्षरं बदलून पाहील. पहिला संदेश वाचून तो थांबतो, दुसरा वाचून पुन्हा शोधतो. रिअ‍ॅक्ट सिलेक्ट या संदेशासाठी फंक्शन घेतं आणि टाइप केलेला मजकूर त्याला मिळतो, त्यामुळे दोन वाक्यं करणं अवघड नाही. यादी अजून येत असेल तर तिसरं: 'पर्याय येत आहेत'.

प्रतिसाद २

सूची म्हटलं की क्रम आलाच, म्हणून एवढं जोडतो. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांत) ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. पर्यायांचा क्रम साध्या सॉर्टने लावला तर 'शाळा' आधी आणि 'शास्त्र' नंतर येतं, मराठी शब्दकोशात नेमकं उलटं. लांब यादीत माणूस क्रमाच्या भरवशावर नजर फिरवतो आणि शब्द तिथे नाही असं समजून परत फिरतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल कोलेटरला (भाषेप्रमाणे क्रम लावणारी सोय) मराठीचा भाषासंकेत देऊन क्रम लावा, आणि तो सर्व्हरवर लावत असाल तर डेटाबेसचं कोलेशनही (क्रम लावायचा नियम) पाहून घ्या. 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' या क्रमात घालू नका, ते शेवटी.