बारावीच्या मुलांसाठी राज्यव्यवस्थेची चाचणी: प्रश्न कसे काढावेत?

इंदूरकर_शिक्षक
आमच्या इंदुरातल्या मंडळातर्फे अकरावी-बारावीच्या मुलांची राज्यव्यवस्था आणि तौलनिक राजकारणाची चाचणी घ्यायची आहे. बहुपर्यायी २५ प्रश्न, वेळ ३० मिनिटं. 'राष्ट्रपतींचा कार्यकाळ किती' छापाचं सगळे घोकून येतात. समज कशी तपासायची?

लष्कर_ग्वाल्हेर
पदाचं नाव विचारू नका, 'कोण कोणाला हटवू शकतं' ते विचारा. एकच प्रसंग द्या: सरकारचं कनिष्ठ सभागृहातलं बहुमत गेलं. आता पुढे काय? भारतात लोकसभेत साध्या बहुमताने अविश्वास ठराव मंजूर झाला की मंत्रिमंडळाला जावं लागतं. अमेरिकेत काहीच होत नाही. प्रतिनिधिगृह विरोधकांकडे गेलं तरी राष्ट्राध्यक्ष चार वर्षं पुरी करतो. त्याला काढायचं तर महाभियोग, आणि सिनेटमध्ये हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश मतं. जर्मनी आणखी वेगळा: तिथल्या घटनेच्या कलम ६७ नुसार बुंडेस्टागने (तिथलं लोकसभेसारखं सभागृह) आधी नवा चॅन्सलर (म्हणजे सरकारचा प्रमुख) निवडायचा, तेव्हाच जुना जातो. अमेरिकेपुढे 'राजीनामा' अशी खूण करणाऱ्याला संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक कळलेला नाही, हे लगेच दिसतं.

चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गोंधळातूनच घ्या. 'राज्यसभेत अविश्वास ठराव मांडता येतो' हा उत्तम सापळा आहे. उगाच विनोदी पर्याय घातला की चारातले तीनच उरतात.

सयाजीगंज
जुन्या गाइडांतले आकडे जसेच्या तसे उचलू नका, घोळ तिथेच होतो. लोकसभेची कमाल संख्या अजून ५५२ छापलेली सापडते. १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०२० पासून अँग्लो-इंडियन नामनिर्देशन बंद झालं, म्हणून आता ५५०. 'राज्यसभेत सदस्य किती' याला तर दोन बरोबर उत्तरं: घटनेतली कमाल २५०, प्रत्यक्षात २४५. ब्रिटनमध्ये संसदेची मुदत पक्की करणारा २०११ चा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला, तेही पाहून घ्या.

आणि तौलनिक म्हणजे दरवेळी परदेशच कशाला? बडोद्यात महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी. इंदुरात थेट मतदार निवडतात, पाच वर्षांसाठी. मग विचारा: महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, हे कुठे सहज घडेल?

लष्कर_ग्वाल्हेर
उदाहरण आमच्याच गावात आहे. २०२२ मध्ये थेट निवडणुकीत महापौरपद काँग्रेसकडे गेलं, परिषदेत मात्र भाजप मोठा पक्ष. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि पंतप्रधान दुसऱ्या पक्षाचा का येतो, ते यावरून पटकन कळतं.

इंदूरकर_शिक्षक
मस्त! चुकीच्या उत्तराचे गुण कापावेत का? आणि एवढे प्रसंग ३० मिनिटांत बसतील?

सयाजीगंज
२५ बसणार नाहीत. प्रसंगाच्या प्रश्नाला दोन मिनिटं धरा, साध्याला एक. १२ साधे आणि ८ प्रसंगाचे घेतलेत तर २८ मिनिटं होतात. चार पर्यायांत नुसत्या अंदाजावरही २० पैकी ५ च्या आसपास बरोबर येतात. चुकीला एक-तृतीयांश गुण कापला की सरासरीने तो फायदा शून्यावर येतो. फक्त हे प्रश्नपत्रिकेवर वरच ठळक छापा, नाहीतर पालक येऊन भांडतील.