रापणकार बाबांना ब्रिटनीतली समुद्रशेवाळाची तोडणी दाखवायची आहे, कुठे नेऊ?

देवबागची_लेक

नमस्कार मंडळी. मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरात नोकरी करते. जुलैत आई-बाबा तीन आठवड्यांसाठी येत आहेत. बाबांनी मालवणजवळच्या देवबागला उभा जन्म रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढली. पॅरिसला नेलं तर ते कौतुकाने बघतील, पण संध्याकाळी विचारतील, "हंयसर दर्या खंय आसा?" इथे ब्रिटनीत समुद्रातलं शेवाळ कापणारे लोक आहेत असं ऐकलंय. ते काम प्रत्यक्ष बघायला मिळेल का? कुठल्या गावाला जाऊ? बाबांचा गुडघा दुखतो, फार चालणं जमणार नाही.

खाडीकाठचा

ताई, लानिल्दुतला न्या. ब्रेस्टपासून गाडीने २५-३० किलोमीटर. मी ब्रेस्टमध्ये नऊ वर्षं राहतो आणि घरचं कुणी आलं की पहिलं तिथेच नेतो. शेवाळ उतरवणारं युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून त्याची ओळख आहे, पण गाव एवढंसं. 'आबेर' नावाच्या खाडीच्या तोंडाशी वसलंय. बाबांना कर्ली नदीचं मुख आठवेल. (पॅरिसमधल्या लक्सरच्या ओबेलिस्कखालचा, म्हणजे इजिप्तहून आणलेल्या उंच दगडी स्तंभाखालचा, चौथरा याच खाडीच्या ग्रॅनाइटचा आहे. पॅरिसला गेलात तर तेही सांगा त्यांना.)

हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर, म्हणजे जुलै अगदी योग्य. बोटीवर एक यांत्रिक हात असतो आणि त्याच्या टोकाला पिळाचा लोखंडी आकडा. त्याला 'स्कुबिदू' म्हणतात. आकडा तळाशी सोडायचा आणि गरगर फिरवायचा. शेवाळाच्या लांब पट्ट्या त्याच्याभोवती शेवयांसारख्या गुंडाळल्या जातात. मग हात वर खेचतो, शेवाळ खडकावरून सुटतं, आकडा बोटीवर आणून उलटा फिरवला की सगळा भारा धप्पकन खाली. १९७० च्या दशकात हे यंत्र आलं. त्याआधी लांब दांड्याच्या कोयत्याने, बोटीतून वाकून, हाताने कापायचे. बाबांना हे आवर्जून सांगा. पाण्यातून वजन ओढणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

धक्क्यावर क्रेनचा पंजा बोटीतून शेवाळ उचलून ट्रकमध्ये टाकतो. गाडी लावली की समोरच दिसतं, चालावं लागत नाही. मी एकदा खाली पडलेली एक पट्टी उचलून पाहिली होती. देठ अंगठ्याएवढा जाड, पुढे हाताच्या पंजासारखी फाकलेली बोटं, रंग गडद काकवीसारखा, आणि इतकी बुळबुळीत की दोनदा हातातून सटकली.

दुसऱ्या दिवशी प्लुगेर्नोला जा. तिथे शेवाळवाल्यांचं संग्रहालय आहे. त्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकाडांत जुन्या भट्ट्या अजून दिसतात: जमिनीत खणलेला लांब चर, आतून चपट्या दगडांचं अस्तर, मध्ये दगड उभे करून केलेले खण. वाळवलेलं शेवाळ त्यात तासन्‌तास जाळायचे. राख वितळून घट्ट झाली की सोड्याच्या जड लाद्या निघायच्या. आधी हा सोडा काचेच्या कारखान्यांना जायचा. १८११ मध्ये बेर्नार कुर्त्वा याला शेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडलं आणि मग लाद्या आयोडीनच्या कारखान्यांकडे निघाल्या. विसाव्या शतकाच्या मध्याला तो धंदा बसला.

शेवाळ कोणी, कधी कापायचं याचे नियम राजाच्या काळापासून आहेत. १६८१ च्या फर्मानात रात्री कापायला बंदी होती. वाहून किनाऱ्याला लागलेलं मात्र कोणीही न्यावं. ते शेतात खत म्हणून पडायचं. वादळानंतर बायकापोरांसकट सगळं गाव घोडागाड्या घेऊन पुळणीवर. मला या साऱ्यात जवळचं वाटतं ते हेच, आपल्याकडे रापण लागली की धावतात तसं.

सांगलीची_डॉक्टर

मी दातांची डॉक्टर. कवळीसाठी माप घेताना तोंडात जो थंडगार लगदा भरतो, तो अल्जिनेट, आणि अल्जिनेट येतं अशाच तपकिरी शेवाळापासून. तुमच्या बाबांना कवळी असेल तर समुद्र त्यांच्या तोंडात आधीच येऊन गेलाय! लानिल्दुतचं शेवाळ पण त्यालाच जातं का?

खाडीकाठचा

हो डॉक्टर, बहुतेक सगळं अल्जिनेटलाच. लांदेर्नो आणि लानिलीसला कारखाने आहेत.

देवबागची_लेक

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. स्कुबिदूचं ऐकून थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मूळ रवता काय खडकार? नायतर फुडल्या वर्साक काय कापतले?"

खाडीकाठचा

नेमका प्रश्न विचारलाय त्यांनी. आकडा मोठ्या पट्ट्या ओढतो तेव्हा लहान रोपं बरीचशी खडकावरच राहतात आणि ती वाढतात. शिवाय बोटींना परवाने आहेत, किती आणि कुठे कापायचं याला मर्यादा आहे. तरी धक्क्यावर कोणी बोटवाला भेटला तर बाबांना स्वतः विचारू द्या, भाषांतर तुम्ही करा. आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, बोटींचं येणं-जाणं त्यावरच ठरतं. उधाणाचे दिवस मिळाले तर सुकतीला खडक दूरवर उघडे पडतात. गाडीत बसूनसुद्धा दिसेल.