कॉमिकच्या फुग्यातली अक्षरं हातानेच लिहावीत

शाईवेडा :
कॉमिकची पानं मी आता पूर्णपणे टॅबलेटवर करतो. ए-४ पान, ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल; कापताना चित्र कमी पडू नये म्हणून चारही कडांना ३ मिमी जादा. क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये निळ्या रंगात कच्चं रेखाटन, त्यावर वेगळ्या लेअरवर, म्हणजे पारदर्शक थरावर, शाई, तिच्या खाली सपाट रंग आणि सावल्या. निळा ही कागदाच्या काळातली सवय. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळी रेघ दिसत नसे, म्हणून ती खोडावी लागत नसे.

अक्षरं मात्र मी हातानेच लिहितो आणि सगळ्यांनी तसंच करावं असं माझं ठाम मत आहे. फॉन्टमधलं ‘अरे’ प्रत्येक चौकटीत तेच. माणूस ओरडला की शिरोरेघ तुटली पाहिजे, कुजबुजला की अक्षर आक्रसलं पाहिजे. चित्र माझ्या हातचं आणि आवाज परक्याचा, हे मला सहन होत नाही.

जुळारी :
अजिबात पटलं नाही. एका पानापुरतं ठीक आहे. ६४ पानांच्या पुस्तकात चाळिसाव्या पानापर्यंत हात दमतो, वळण बदलतं. संपादकाने एक शब्द बदलला की अख्खा फुगा पुन्हा लिहा. टाइप केलेला मजकूर असेल तर तीच चित्रं वापरून कोकणी आवृत्ती काढता येते. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बालू’ हा फॉन्ट घ्या : मुक्त परवाना, गोलसर, ठसठशीत. शिवाय रंगीत चित्रात मिसळलेली अक्षरं रंगीत छपाईच्या चारही शाईंत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) एकावर एक छापली जातात. कागद केसभर सरकला की कडेला रंगीत छटा येते.

शाईवेडा :
हात दमतो, मान्य. पण छटेचा दोष हस्ताक्षराचा नाही. अक्षरांचा लेअर वेगळा ठेवून फक्त काळ्या शाईत छापायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

रेघोट्या :
तुम्ही दोघंही अक्षरांचा विचार चित्र झाल्यावर करताय, खरी चूक तिथे आहे. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं, एका उंचीची, त्यामुळे ओळी चिकटून बसतात. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीत ‘तू’ आणि बरोबर त्याखाली ‘मैत्री’ आलं की उकार मात्रांत घुसतो. ओळी सुट्या केल्या की फुगा उंच होतो आणि पात्राचं डोकं झाकतो. मी कच्च्या रेखाटनाच्याही आधी संवाद चौकटीत लिहून बघते. जास्त झाले तर वाक्य छाटते, चित्र नाही.

आणि फॉन्टवाल्यांनो, छपाईआधी प्रत्येक जोडाक्षर तपासा. माझ्या पहिल्या अंकात ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली होती, सगळ्या प्रतींवर. तेव्हापासून मजकूर इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येच बसवते.

जुळारी :
संवाद आधी, हे शंभर टक्के बरोबर. शाईवेडा, एक सूट देतो : ‘धडाम’, ‘खळ्ळ’ असले आवाज हातानेच काढावेत, ते चित्राचाच भाग असतात. संवाद वाचायचे असतात, ते फॉन्टमध्येच हवेत.

शाईवेडा :
मग आईने मुलावर टाकलेला ओरडा कशात धरायचा? मी तो ‘धडाम’मध्ये धरतो. फॉन्ट मोठा केला तर अक्षरं मोठी होतात, आईचा राग त्यात येत नाही. रविवारी भांडणाचं एक पान दोन्ही तऱ्हांनी करून छापतो आणि फोटो टाकतो. बघून सांगा.