मुंबई–न्यू यॉर्क : तुमचे खरे तास किती?

अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर, थेट विमानाला साधारण १६ तास. पण दारातून दारात किती लागतात, ते हा प्रवास केलेल्यांनीच सांगावं. माझी आई मे महिन्यात पहिल्यांदाच एकटी येतेय, म्हणून हा धागा. बारीकसारीक सगळं लिहा.

सांगलीहून
लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, डिसेंबरात. संध्याकाळी सहाला घर सोडलं, रात्रभर बस, दुसरा दिवस मुंबईत जावेकडे. विमान रात्री दीडचं, पण दहालाच विमानतळावर जाऊन बसले. जागा खिडकीची. झाकण वर करावं तर काळोख, डुलकी काढून उठावं तरी काळोख. सोळा तासांत उजाडलंच नाही! न्यू यॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळावर उतरले तर सकाळचे सात, आणि तारीख तीच. सांगलीच्या दारातून लेकीच्या दारात पन्नास तास झाले. आईंना सांगा, मधूनमधून उठून चार पावलं चाला, माझे पाय चपलेत मावेनात इतके सुजले होते. व्हीलचेअर आधीच मागून ठेवा, त्यात संकोच कसला? तुमचा पत्ता आणि फोन इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून पर्समध्ये द्या.

एडिसन, न्यू जर्सी
भारतात जाताना तास-दोन तास कमी लागतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. भारतात जाताना ते पाठीशी असतात, इकडे येताना समोरून. विमान सरळ पश्चिमेला का जात नाही, असं धाकटीने विचारलं, तेव्हा पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा ताणून दाखवला. मुंबई ते न्यू यॉर्क दोरा ओढला की तो आपोआप रशिया, फिनलंड, नॉर्वे करत आइसलँडवर चढतो. हाच जवळचा रस्ता. पण एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली की वळसा पडतो. पाकिस्तानची २०१९ मध्ये काही महिने बंद होती, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. तिकीट काढताना किमतीसोबत तासही बघा.

पुण्याहून
थांबा घ्यायचाच तर अबुधाबीचा बघा. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, उतरल्यावर बॅगा घेऊन थेट बाहेर.

क्वीन्स, न्यू यॉर्क
बाबा गेल्याचा फोन पहाटे तीनला आला. थेट विमानात जागा नव्हती. चुलतभावाने विचारलं, "दादा, थांबायचं का रे?" मी हो म्हणालो. वाटेतल्या विमानतळावर पाच तास फलकासमोर बसून होतो. मुंबईची ओळ खालून एकेक घर वर सरकत होती. फोन आल्यापासून साताऱ्याच्या अंगणात पाय ठेवेपर्यंत ४१ तास. सगळी आळी जागी होती. बाबांच्या पायांवर डोकं ठेवता आलं. तेव्हापासून पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) एकाच पाकिटात, दाराजवळच्या कपाटात ठेवतो. तुम्हीही ठेवा.